अनिश्चित काळात लिहिणाऱ्यांच्या गटाचा खरोखर आधार होतो का?

नोकरीची शाश्वती उरलेली नसताना लिहिणाऱ्यांच्या एखाद्या गटात जावे, की तोच वेळ एकट्याने लिहिण्यात घालवावा, असे आपण विचारले आहे. माझ्या अनुभवावरून सांगतो की गटात अवश्य जावे, मात्र कौतुक ऐकण्यासाठी जाऊ नये.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा दिवाळी अंकासाठी ठरलेली माझी कथा अर्ध्यावर होती. जाहिराती आटल्यामुळे यंदा अंक निघेल की नाही, हे संपादकांनाही सांगता येईना, आणि जी कथा छापलीच जाणार नाही ती पुरी कशासाठी करायची, या विचाराने मी महिनाभर वहीला हात लावला नाही. त्यानंतर आम्ही पाच जणांनी दर रविवारी संध्याकाळी फोनवर जमून प्रत्येकी दोन पाने वाचायची, असे ठरवले. 'छान आहे' एवढे म्हणून सुटायचे नाही, आपले लक्ष नेमके कोठे उडाले ते सांगायचे, हा एकच नियम होता. आमच्यातील एकीचा पगार निम्म्यावर आला, तेव्हा तिने तीन रविवार काहीच वाचले नाही, नुसते ऐकले. कोणी कारण विचारले नाही. चौथ्या रविवारी तिने एका जुन्या कथेचा बदललेला शेवट वाचला. आधीचा शेवट आम्हा सर्वांना आठवत होता, हे कळल्यावर ती थोडा वेळ बोललीच नाही.

अशा गटात एक धोकाही असतो. 1923 मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळातील माधव जूलियन, यशवंत, गिरीश आदी कवींनी एकमेकांच्या सोबतीने पुष्कळ लिहिले आणि काव्यगायनातून कविता श्रोत्यांपर्यंत नेली, हे खरेच. परंतु त्यांच्या लकबी अत्र्यांनी 'केशवकुमार' या नावाने केलेल्या विडंबनांत नेमक्या पकडल्या. आतल्या मंडळींना त्या तितक्या खटकल्या नसाव्यात, असे मला वाटते. म्हणून आम्ही पुढे एका निवृत्त मुद्रितशोधकांना बोलावले. ते स्वतः काही लिहीत नाहीत आणि कोणाची भीडही ठेवत नाहीत. माझी कथा ऐकून त्यांनी विचारले, "पहिले पान कशाला हवे?"

तो अंक त्या वर्षी निघाला नाही. कथा मात्र पूर्ण झाली, पहिल्या पानाशिवाय.