पोस्टग्रेस: एक जुनं टेबल 'नो इनहेरिट' केल्यावर सगळ्या क्वेरी का अडकतात?

तुमचा प्रश्न असा: पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये 'व्यवहार' हे मूळ टेबल, त्याखाली दर महिन्याचं एक उपटेबल. २०१६ मधलं एक उपटेबल 'ऑल्टर टेबल नो इनहेरिट' करून, म्हणजे मूळ टेबलाशी त्याचं वारशाचं नातं तोडून, वेगळं काढायला गेलात, तर ॲपच्या सगळ्या क्वेरी थांबल्या आणि एकीला 'कुड नॉट फाइंड इनहेरिटेड ॲट्रिब्यूट' ही एरर आली.

कमांडचं स्वतःचं काम क्षणात होतं, कॅटलॉगमध्येच (टेबलांची माहिती ठेवणाऱ्या नोंदींमध्ये) थोडा बदल असतो. पण तिला उपटेबलावर ॲक्सेस एक्सक्लुझिव्ह लॉक (टेबल पूर्णपणे अडवणारं कुलूप) लागतं आणि त्याचं साध्या सिलेक्टशीही, म्हणजे नुसत्या वाचणाऱ्या क्वेरीशीही, पटत नाही. त्यात मूळ टेबलावरची क्वेरी प्लॅन होताना खालच्या झाडून सगळ्या टेबलांवर लॉक घेते. चेक कन्स्ट्रेंट (टेबलात कोणत्या ओळी बसतात याची अट) बघून नको ती टेबलं गाळली जातात, ती नंतर. त्यामुळे आजचे व्यवहार मागणारी क्वेरीही २०१६ च्या टेबलावर अडते.

आता समजा पीजी-डंप, म्हणजे बॅकअप काढणारं साधन, चालू आहे. त्याने सगळ्या टेबलांवर ॲक्सेस शेअर लॉक (वाचनापुरतं हलकं लॉक) धरलंय आणि संपेपर्यंत ते सुटणार नाही. तुमची ऑल्टर त्याच्यामागे उभी. तिच्यामागून येणारी प्रत्येक सिलेक्ट, डंपशी तिचं काहीही वाकडं नसताना, ऑल्टरच्या मागे रांगेत. सगळं नुकसान या ताटकळण्यात आहे.

म्हणून आधी त्या सेशनमध्ये लॉक_टाइमआउट (लॉकसाठी थांबायची मर्यादा) दोन सेकंदांवर आणा. लॉक मिळालं नाही तर ऑल्टर रद्द होते, रांग हलते. थोड्या वेळाने पुन्हा चालवा. कोण अडवतंय ते पीजी_ब्लॉकिंग_पिड्स हे फंक्शन सांगतं. माझ्या अनुभवात बहुतेकदा 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' अवस्थेत, म्हणजे ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून नुसतंच पडून राहिलेलं कनेक्शन निघतं. ऑल्टरच्या ट्रान्झॅक्शनमध्ये दुसरं काहीही कोंबू नका. लॉक कमिटपर्यंत (ट्रान्झॅक्शन पक्कं होईपर्यंत) सुटत नाही.

एररचं कारण वेगळं. सिलेक्टने उपटेबलांची यादी आधी काढली, मग लॉकसाठी थांबली, तेवढ्यात तुमचं कमिट झालं. पुढे सरकल्यावर तिला त्या उपटेबलातला कॉलम वारशाने आलेला दिसेना. फेब्रुवारी २०१८ च्या पोस्टग्रेस १०.२ मध्ये आणि तेव्हाच्या इतर मायनर रिलीजमध्ये हे दुरुस्त झालंय. तुमची आवृत्ती बहुधा त्याआधीची आहे, अपग्रेड कराच. मात्र त्यानंतरही अशी थांबलेली सिलेक्ट वेगळ्या काढलेल्या टेबलातल्या ओळी देऊ शकते. बेरजांचे रिपोर्ट काढत असाल तर हे लक्षात असू द्या.

शक्य असेल तर डिक्लरेटिव्ह पार्टिशनिंगवर (टेबलाचे भाग पाडण्याची पोस्टग्रेसची स्वतःची सोय) या. पोस्टग्रेस १४ पासून 'डिटॅच पार्टिशन कन्करंटली' आहे, त्यात मूळ टेबलावर वाचन-लेखन चालू राहतं. फक्त ते ट्रान्झॅक्शन ब्लॉकमध्ये चालत नाही, आणि डिफॉल्ट पार्टिशन (इतर कुठेच न बसणाऱ्या ओळींचा भाग) असेल तर सरळ नकार मिळतो.