मुलगा द्वेषाच्या ग्रुपात गेलाय, मोबाईल काढून घेऊ का?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातून एका आईचं पत्र आहे. मुलगा बावीस वर्षांचा, डिप्लोमा होऊन घरीच. रात्रभर टेलिग्रामवर असतो, न्यूझीलंडमधल्या मशिदींवरच्या गोळीबाराचं कौतुक करतो, ‘आपल्याला संपवायला निघालेत’ म्हणतो. परवा क्रिकेटच्या टीममधल्या सिद्दी (मूळ आफ्रिकी वंशाच्या) मित्राला रंगावरून शिवी देऊन दारातूनच हाकललं. ‘मोबाईल काढून घेऊ, की दीरांकडून दोन थोबाडीत देववू?’ असं त्या विचारतात.

ताई, दोन्ही नको. मोबाईल दुसऱ्याचा मिळतो. आणि मार बसला की ‘घरचेही आपले नाहीत’ हे ग्रुपवाल्यांचं म्हणणं त्याला खरं वाटेल.

तुम्ही घाबरलात ते उगाच नाही. क्राइस्टचर्चला १५ मार्च २०१९ रोजी ५१ माणसं मारली गेली. मारेकऱ्याने ते फेसबुकवर थेट दाखवलं, ते अशाच बघ्यांसाठी. नॉर्वेत २०११ मध्ये ७७ बळी घेणाऱ्याला हा मारेकरी स्वतः मानत होता. पण प्रत्येक बघ्या बंदूक उचलत नाही, हेही ध्यानात असू द्या.

मला वाटतं, तो तिथे विचारांसाठी गेलेलाच नाही. बरोबरीची पोरं पुण्याला, गोव्याला गेली. घरात रोज एकच प्रश्न, ‘पुढं काय?’ तिथे मात्र रात्री दोनलाही ‘भावा’ म्हणणारे आहेत. वर अपयशाचं कारण आयतं मिळतं: तुझं काही चुकलं नाही, तुझं अमक्यांनी लुबाडलं. मग लाज वाटायची थांबते आणि तिच्या जागी राग येतो. रागात माणसाला आपण कुणीतरी आहोत असं वाटतं.

आपल्याकडे हे जास्तच सोपं जातं. १९५६ पासूनचं महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचं दुखणं घरोघरी आहे, २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सुप्रीम कोर्टात आहे. ते दुखणं खरं आहे. पण भांडण सरकारशी आहे, शेजारच्या कानडी कुटुंबाशी किंवा मुसलमान दुकानदाराशी नव्हे. (घरात आपण ‘त्या लोकां’विषयी काय बोलतो, तेही जरा आठवून बघा. रागावू नका.)

तो ज्यांचं कौतुक करतो, त्यांच्या लेखी तोही काळाच. २०१२ मध्ये अमेरिकेत ओक क्रीकच्या गुरुद्वारात अशाच एका गोऱ्या वर्चस्ववाद्याने शिखांवर गोळ्या झाडल्या. हे त्याला एकदा सांगा, पण वाद जिंकायला नको. स्वीडनमध्ये १९९८ पासून ‘एक्झिट’ नावाची संस्था आहे, नाझी टोळी सोडलेल्या माणसाने सुरू केलेली. तिथे विचारसरणीवर वाद घालत बसत नाहीत. काम, घर, नवे मित्र, याच्यामागे लागतात. तुम्हीही बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, कुणा ओळखीच्याकडे शब्द टाका. पगार कमी असला तरी चालेल, सकाळी उठून जायला जागा हवी. जेवताना विचारा, ‘तिथं तुला कोण भेटतं?’ उत्तर ऐकताना मध्ये बोलू नका.

मात्र हत्यार दिसलं, किंवा कुणाचं नाव, जागा, दिवस त्याच्या तोंडी आला, तर आईपण बाजूला ठेवून ११२ ला फोन करा. स्वतःच्या जिवाचं काही बोलला तर टेली मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६.

राहिला तो सिद्दी मुलगा. ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या आपल्याच जंगलपट्टीत राहतात, आणि अनुसूचित जमातीचा दर्जा आपल्या जिल्ह्यातल्या सिद्दींना २०२० मध्ये मिळाला. तुम्ही स्वतः त्याच्या घरी जा. मुलाच्या वतीने नको, तुमच्या दारात झालं म्हणून माफी मागा. मुलाला सांगून जा. तो येत नाही म्हणाला तरी जा.