मुलाला सोपवताना: सुरुवातीला एवढंच सांभाळा

वेगळे झाल्यावर मुलाला एकमेकांकडे सोपवताना पहिल्याच आठवड्यात तुमचं दोघांचं दारात भांडण झालं, हे तुमच्या पोस्टमध्ये वाचून पोटात कालवलं. माझीही सुरुवात अशीच होती. पण हे जमतं, खरंच जमतं.

आधी जागा बदला. घराचं दार नकोच. शक्य असेल तर एकाने सकाळी शाळेत सोडायचं, दुसऱ्याने सुटल्यावर न्यायचं. दोघांची गाठच पडत नाही. सुट्टीच्या दिवशी वर्दळीची जागा ठरवा.

समोरासमोर बोलणं दोन मिनिटांचं: औषध कधी दिलं, जेवण झालं का. पैशांचं सगळं लेखी मेसेजवर, तेही थोडक्यात.

नव्याने हमखास होणाऱ्या चुका:
- मुलाच्या तोंडी निरोप पाठवणं.
- खर्चाचे पैसे थकले म्हणून भेट अडवणं. कोर्टाचा आदेश असेल तर आपल्या मनाने काही थांबवू नका, वकिलाला सांगा.
- परत आल्या आल्या उलटतपासणी.

ही शेवटची मी खूप केली. माझी मुलगी तेव्हा पाच वर्षांची. गाडीत बसली की बुटाची नाडी सोडायची, पुन्हा बांधायची, पुन्हा सोडायची. मी विचारत राहायचे, ती मान वर करायची नाही. मी गप्प बसायला शिकले, तेव्हा थोड्या वेळाने आपणहून बोलू लागली.

मारहाणीची भीती असेल तर मात्र एकट्याने जाऊच नका. देखरेखीखालच्या भेटीसाठी कोर्टात अर्ज करा.

मोठ्या सुट्ट्यांची वाटणी, परगावचा प्रवास हे सगळं नंतर बघू.