स्टाफरूम : रिफ्रेशर झाला, वर्ग तसाच राहिला

प्रश्न : मॅडम, मी तालुक्याच्या गावी अनुदानित महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. नव्या प्राध्यापकांसाठीचा ओरिएंटेशन झाला, विषयाची उजळणी करून देणारा रिफ्रेशर ऑनलाइन झाला, ‘स्वयम’ या सरकारी ऑनलाइन मंचावरचा एक कोर्सही झाला. कॅसची (पदोन्नतीची) फाइल जाडजूड आहे. पण एफवायच्या (पहिल्या वर्षाच्या) वर्गात नव्वद मुलं मान खाली घालून लिहून घेतात, ‘समजलं का?’ विचारलं की एका सुरात ‘हो सर’ म्हणतात आणि चाचणीत कोऱ्या जागा सोडतात. शिकवण्यात खरोखर फरक पडेल असा कोणता कोर्स करू? – सहायक प्राध्यापक, सोलापूर जिल्हा

उत्तर : या वर्षी कोणताही कोर्स करू नका. फाइल भरली आहे ना, मग ती कपाटात ठेवा.

1986च्या शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठांत ॲकॅडमिक स्टाफ कॉलेजं निघाली, ती प्राध्यापकांना शिकवायला शिकवावं याच हेतूने. 2015मध्ये त्यांची मानव संसाधन विकास केंद्रं झाली, 2023मध्ये मालवीय मिशनची प्रशिक्षण केंद्रं. पाटी बदलत गेली, पण तिथे जाण्याचं आपलं कारण बदललं नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018च्या नियमावलीत वेतनाच्या लेव्हल 10वरून 11वर जायला 21 दिवसांचा ओरिएंटेशन लागतो. त्याच्या जोडीला रिफ्रेशर, किंवा आठवड्याभराच्या कार्यशाळा, किंवा एखादा ‘मूक’ (MOOC), म्हणजे सर्वांना खुला ऑनलाइन कोर्स. यात मोजले जातात ते दिवस. परत आल्यावर वर्गात काय वेगळं केलंत, हे छाननी समितीने कुणाला विचारल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. त्यामुळे तुमचा अनुभव जगावेगळा नाही.

निवासी कार्यक्रमांना मात्र मी नावं ठेवणार नाही. तिथली व्याख्यानं विसरायला होतात, पण रात्रीच्या जेवणानंतर भूगोलाचे सर आणि इंग्रजीच्या मॅडम आपापल्या वर्गाची रडगाणी सांगत बसतात, त्यातून बरंच हाती लागतं. ऑनलाइनने नेमकं तेच घालवलं. कॅमेरा बंद, हजेरी गुगल फॉर्मवर, आणि क्विझची उत्तरं ग्रुपवर फिरताहेत!

आता तुमच्या एफवायकडे येऊ. पुढच्या तासाला फळ्यावर एवढंच लिहा : पाणी खळखळून उकळतंय, वर येणाऱ्या मोठ्या बुडबुड्यांत काय आहे? पर्याय चार. एक, हवा. दोन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन. तीन, पाण्याची वाफ. चार, काहीच नाही, नुसती पोकळी. मिनिटभर कुणी बोलायचं नाही. मग एकदम सगळ्यांनी छातीशी हात धरून तेवढी बोटं दाखवायची, म्हणजे शेजाऱ्याला दिसत नाहीत आणि तुम्हाला सगळी दिसतात. दोन बोटं किती वर येतात ते बघा. बारावीला रसायनशास्त्रात चांगले मार्क मिळवलेली मुलंही यात असतात. माझ्या टीवायच्या वर्गातसुद्धा असायची.

इथे उत्तर सांगायचा मोह आवरा. ‘शेजाऱ्याचं उत्तर वेगळं असेल तर त्याला पटवून द्या,’ एवढंच म्हणा आणि बाकांमधून फिरा. एकदा मागच्या बाकावरची मुलगी शेजारणीला म्हणाली, ‘अगं, हायड्रोजन निघत असता तर चहा ठेवला की घरात भडका उडाला असता!’ माझ्या कोणत्याही स्पष्टीकरणापेक्षा ते वाक्य सरस होतं. पुन्हा बोटं वर करायला लावा, तिसऱ्या पर्यायाकडे वर्ग सरकलेला दिसेल. मग पाण्याचा रेणू फुटत नाही, रेणू एकमेकांपासून सुटतात, हे सांगा. पाणी तापू लागताना दिसणारे बारीक बुडबुडे विरघळलेल्या हवेचे असतात, हेही सांगा, कारण ‘हवा’ म्हणणाऱ्यांनी काहीतरी पाहिलेलं असतं.

ही युक्ती माझी नाही. हार्वर्डमधले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझुर यांनी 1990च्या दशकाच्या सुरुवातीला ती रुळवली. त्यांचे विद्यार्थी अवघड गणितं सोडवायचे, पण न्यूटनच्या नियमांवरच्या साध्या प्रश्नांत अडखळायचे. प्रश्न निवडण्याचं त्यांचं गणित लक्षात ठेवा : पहिल्या खेपेला साधारण तीस ते सत्तर टक्के मुलांचं बरोबर आलं तरच चर्चा रंगते. त्याहून कमी असेल तर आधी थोडं शिकवा, जास्त असेल तर पुढे चला.

‘सिलॅबस कसा पुरा होणार?’ हे तुम्ही मनात म्हणालातच. एका प्रश्नाला दहा मिनिटं जातात. ती व्याख्या लिहून देण्यातून काढा. व्याख्यांची झेरॉक्स एकदाच वाटून टाका.

आणखी एक करा. सहकाऱ्याला मागच्या बाकावर बसवा. विभागप्रमुख नको, आयक्यूएसीचे (महाविद्यालयाच्या गुणवत्ता कक्षाचे) समन्वयक तर नकोच. मराठीच्या किंवा इतिहासाच्या कुणाला तरी बोलवा, ज्यांना रसायनशास्त्र येत नाही. त्यांनी तुमच्याकडे बघायचंच नाही, दर पाच मिनिटांनी मुलं काय करताहेत तेवढं टिपायचं. नंतर चहाला बसून तो कागद वाचा आणि फाडून टाका. तो पीबीएएसच्या (पदोन्नतीसाठीच्या स्वमूल्यमापनाच्या) फॉर्मला जोडण्याचा विचार आला की निरीक्षण संपलं आणि नाटक सुरू झालं.

पुढे कधी जावंसं वाटलंच, तर मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राकडे लक्ष ठेवा. विज्ञान शिकताना मुलं नेमकी कुठे अडतात, हाच तिथे अभ्यासाचा विषय आहे.

प्रश्न : मॅडम, मी नेट (प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा) उत्तीर्ण आहे. तासिका तत्त्वावर दोन महाविद्यालयांत अर्थशास्त्र शिकवते. प्रशिक्षणाला जायचं म्हटलं की तास बुडतो, म्हणजे पैसे बुडतात, आणि कर्तव्य रजा आम्हाला नाही. आमच्यासारख्यांनी काय करायचं? – एक वाचक, मराठवाडा

उत्तर : तुमची तक्रार रास्त आहे. बऱ्याच ठिकाणी एफवायचे मोठे वर्ग तासिकेवरच्या मंडळींच्या गळ्यात असतात आणि प्रशिक्षणाच्या यादीत त्यांचं नाव शेवटीही नसतं. प्रशिक्षणाच्या दिवसांचं मानधन संस्थेने द्यावं, असं माझं मत आहे. मताने बिल निघत नाही, हेही ठाऊक आहे.

तूर्त दोन गोष्टी टाळा. व्हॉट्सॲपवर फिरणारी पाचशे रुपयांची ‘राष्ट्रीय एफडीपी’ची (प्राध्यापक प्रशिक्षणाची) प्रमाणपत्रं विकत घेऊ नका. एनपीटीईएल या ऑनलाइन मंचाचे कोर्स फुकट पाहता येतात, परीक्षेलाच हजार रुपये लागतात. प्रमाणपत्राची खरी गरज असेल तरच ते भरा. अनुभवाचा दाखला मात्र दोन्हीकडून दर वर्षी लेखी मागून घ्या, तो पुढे प्राचार्य बदलले की मिळत नाही.

शिकवण्यासाठी म्हणाल, तर फोन टेबलावर ठेवून स्वतःच्याच तासाचा आवाज रेकॉर्ड करा आणि बसमध्ये ऐका. प्रश्न विचारल्यावर तुम्ही किती वेळ थांबता, ते बघा. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी 1970च्या आसपास वर्गांच्या कितीतरी टेप ऐकल्या. शिक्षक प्रश्नानंतर सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत होते. ती थांबण्याची वेळ तीन सेकंदांवर नेली, तर मुलांची उत्तरं लांबली, ‘माहीत नाही’ कमी झालं आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. ‘कांद्याचा भाव दुप्पट झाला तर तुमच्या घरी कांदा निम्मा येतो का?’ असं विचारा आणि मनात एक, दोन, तीन म्हणा. सुरुवातीला जीव जातो. पण मागणीची लवचीकता (भाव बदलला की मागणी किती बदलते) तिथूनच शिकवायला घ्या, आकृती नंतर काढा.

प्रश्न : नॅकचं (महाविद्यालयांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेचं) मूल्यांकन होणार आहे. त्याआधी आठवड्याचा एफडीपी घ्यायचा आहे. विषय आणि वक्ते सुचवावेत. – प्राचार्य, कोकण

उत्तर : सर, वक्ते सुचवत नाही. पाच दिवसांचे पाच पाहुणे, शाल-श्रीफळ आणि दुपारच्या सत्रातल्या डुलक्या यांचे फोटो अहवालात छान दिसतील, पण त्यासाठी माझी गरज नाही.

त्यातला निदान एक दिवस आपल्याच माणसांना द्या. प्रत्येकाने शेवटच्या चाचणीतला सर्वांत जास्त मुलांना अडलेला एक प्रश्न आणि त्याच्या दहा उत्तरपत्रिका नावं झाकून आणायच्या. चार-चार जणांचे गट करा, एका विषयाचे दोघे एका गटात नकोत. मूल नेमकं कुठे घसरलं, आणि प्रश्नाची भाषाच तर घसरवत नाही ना, एवढंच शोधायचं. वाणिज्यच्या सरांना जीवशास्त्राचा प्रश्न कळला नाही, तर मुलांना का कळला नसेल ते ध्यानात येतं. तुम्हीही एका गटात बसा, पण ज्यात तुमच्या विषयाचं कुणी आहे त्यात नाही. उद्घाटन मात्र वीस मिनिटांत उरका, नाहीतर अकराला चहा, साडेअकराला स्वागतगीत, आणि उत्तरपत्रिका तशाच गठ्ठ्यात.