सात म्हणजे सात

तुझा मेल काल रात्री वाचला आणि झोप उडाली. तुमच्या वृत्तवाहिनीवर साडेसहाचं ठाणे-पालघर-रायगडचं बुलेटिन बंद, सहापासून चर्चा, आणि सातच्या बातम्या ‘फ्लो बघून’, म्हणजे कधी सात पाचला, कधी सव्वासातला. हा नवा एफपीसी, म्हणजे कार्यक्रमांच्या वेळांचा तक्ता, सोमवारच्या मीटिंगमध्ये तुला मांडायचा आहे. आणि मला विचारतेस, मांडू की सरळ डिजिटलला बदली मागू?

धीर वगैरे देत बसत नाही. ऐरोलीहून महापेला नाइट शिफ्ट करून जी टिकली, तिला तो कशाला हवा?

मुद्द्यावर येतो. चर्चा हवी की नको, यावर तुझ्या संपादकांशी मी भांडणार नाही. जिल्ह्यांचं बुलेटिन जातंय याचं वाईट वाटतं. घोडबंदर रोडवर अडकलेल्या माणसाला आणि शिळफाट्यावरच्या रिक्षावाल्याला त्या अर्ध्या तासात स्वतःची बातमी सापडत होती. पण कार्यक्रम येतात-जातात. सेट बदला, अँकर बदला, शंभर बातम्यांच्या जागी वीस करा, पट्टीचा रंग बदला. सात मात्र सातलाच. वेळ मोडू नकोस.

गोखले रोडवर एक छोटं उपाहारगृह आहे, मी संध्याकाळी तिथे चहाला जातो. गल्ल्याच्या वर टीव्ही टांगलेला. दिवसभर आवाज बंद असतो. सातला मालक बिलबुकामागून रिमोट काढतो, आवाज वाढवतो, हेडलाइन्स होईपर्यंत कुणाचं बिल घेत नाही. मागच्या महिन्यात तुमचाच चॅनेल लावला होता. सात वाजून गेले तरी चार चौकटींत चार माणसं एकमेकांवर ओरडत होती. मालकाने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, तोंडातून शब्द न काढता चॅनेल बदलला आणि रिमोट परत बिलबुकामागे गेला. दुसऱ्या दिवशी त्याने तुमचा चॅनेल लावलाच नाही. तो तक्रारीचा मेल पाठवत नाही, ट्विट करत नाही. जातो. तुमच्या मीटिंगमध्ये या माणसाबद्दल कोण बोलणार आहे? तू बोलली नाहीस तर कोणीच नाही.

ही सवय लावली कुणी? मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं. पुढे संध्याकाळच्या मराठी बातम्या हा घराचाच भाग झाला. प्रदीप भिडेंचा आवाज आला की ठाण्यातल्या वाड्यांमधून एकाच वेळी तोच आवाज यायचा. तेव्हा पर्याय नव्हता, हे म्हणणं खरं आहे, आणि तुमचे स्ट्रॅटेजीवाले ते म्हणणारच. म्हणून भरपूर पर्याय असलेल्या देशातलं उदाहरण देतो, मीटिंगमध्ये वापर.

ब्रिटनमध्ये आयटीव्ही या खासगी वाहिनीचं ‘न्यूज ॲट टेन’ १९६७पासून रात्री दहाला लागायचं. सिनेमे आणि मालिका मध्ये तुटतात, म्हणून मार्च १९९९मध्ये ते बंद करून बातम्या इकडेतिकडे हलवल्या. प्रेक्षक घटले, नियामक मागे लागला. दरम्यान बीबीसीने ऑक्टोबर २०००मध्ये आपल्या नऊच्या बातम्या उचलून दहाला आणून बसवल्या. मोकळी सापडलेली वेळ कोण सोडतो? आयटीव्हीने जानेवारी २००१मध्ये दहाचं बुलेटिन परत आणलं, पण आठवड्यातून काहीच दिवस. लोक थट्टेने त्याला ‘न्यूज ॲट व्हेन’ म्हणू लागले. २००४मध्ये साडेदहा, आणि २००८मध्ये पुन्हा दहा. नऊ वर्षं एवढ्या मोठ्या कंपनीने घड्याळाशी खेळून काय मिळवलं, ते तुझ्या स्ट्रॅटेजीवाल्यांना विचार.

आता आकडे. तुझे बॉस दर गुरुवारी येणारे टीआरपीचे आकडे पुढे टाकतील. आकड्यांना नावं ठेवत नाही, त्यांच्यावरच माझा पगार झाला. पण ते वाचायला शीक. टीआरपीच्या गैरव्यवहाराचं प्रकरण उघडकीला आल्यावर ऑक्टोबर २०२०मध्ये बार्कने, म्हणजे हे आकडे मोजणाऱ्या संस्थेने, वृत्तवाहिन्यांचे आकडे थांबवले. मार्च २०२२मध्ये ते परत आले, पण चार आठवड्यांच्या सरकत्या सरासरीने. म्हणजे आज नवा कार्यक्रम सुरू केला, तर पहिल्या आठवड्याच्या आकड्यात तीन वाटे जुन्याचे आणि एक वाटा नव्याचा. तरी आमच्याकडे तिसऱ्या आठवड्यात ‘चालत नाही’ म्हणून नवा कार्यक्रम काढला! जो काढला त्याचा आकडा अजून नीट आलाच नव्हता. मी हे बोर्डावर मांडून दाखवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि कार्यक्रम काढला. शिवाय सेट-टॉप बॉक्स लावल्या लावल्या समोर येणारी लँडिंग पेजची जागा पैसे मोजून घेता येते. तिथून आलेला माणूस तुझा नाही, तो रिमोट शोधत असतो.

‘आता सगळे मोबाइलवर बघतात, वेळ कसली घेऊन बसलात सर?’ असं तू लिहिलंस. हे तुझं वाक्य नाही, कुणीतरी तुला ऐकवलंय. मोबाइलवरचा माणूस एखादी बातमी शोधत येतो. संध्याकाळी टीव्ही लावणारा वेळ बघून येतो. एसटी सात वाजता सुटते म्हणून जो फलाटावर उभा आहे, त्याला ‘फ्लो बघून सोडू’ म्हणायची सोय नसते. आणि मोबाइलवाला तुमच्याकडे नसेलच, तर हातात असलेल्या या माणसालाही घालवायचं?

अपवाद आहेत. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री घड्याळ कोण बघत होतं? तेव्हा तक्ता फाडायचाच. पण एखाद्या नटाच्या लग्नाची गाडी विमानतळावर पोहोचली, ही वेळ मोडायची बातमी नव्हे. हल्ली लाल पट्टी इतकी सोकावली आहे की खरी आग लागली तरी कुणी मान वर करत नाही.

एकदा चर्चेत एक मंत्री बोलत होते. सातला मिनिटभर बाकी, आणि पीसीआरमधले, म्हणजे कंट्रोल रूममधले, सगळे माझ्याकडे बघत होते. मी टॉकबॅकवर, अँकरच्या कानातल्या यंत्रावर, तिला म्हटलं, थांबव. तिने हात जोडले, ‘साहेब, सातच्या बातम्यांची वेळ झाली,’ आणि बातम्यांचा माँटाज, सुरुवातीची धून, वाजला. दुसऱ्या दिवशी मालकांच्या केबिनमध्ये मला उभं केलं. त्या वर्षी बढती दुसऱ्याला गेली, माझ्या अप्रेझलमध्ये ‘काळाबरोबर चालत नाहीत’ असा शेरा आला. आजही तो प्रसंग आला तर मी तेच करीन. शेरा मारणाऱ्याने पुढे बुलेटिन पाच वेळा हलवलं, आणि शेवटी सातलाच आणून ठेवलं. मला कुणी फोन करून सांगितलं नाही, टीव्ही लावल्यावर कळलं.

दुपारचं बुलेटिन गेलं तेव्हा मी गप्प बसलो, हे तुझ्या कानावर आलंच असेल. ऑफिसात त्याला अजून तडजोड म्हणतात. म्हणू देत. दुपारसाठी भांडलो असतो तर संध्याकाळ त्याच आठवड्यात गेली असती. दोन्ही वाचवायची ताकद माझ्याकडे नव्हती, एक वाचवली. खंत वाटते ती त्या बुलेटिनच्या स्ट्रिंगर पोरांची, म्हणजे गावोगावच्या अर्धवेळ बातमीदारांची. शहापूरहून, मुरबाडहून बाइकवर फुटेज आणायची. त्यांना दुसरी वेळ मिळवून द्यायला हवी होती, ती कुणी देऊ दिली नाही. तुझ्या साडेसहाच्या पोरांचं काय करणार, ते आधी ठरव. त्यांच्या दोन स्टोरी रोज सातच्या रनडाऊनमध्ये, बातम्यांच्या क्रमात, पहिल्या ब्रेकआधी धर, मागे टाकू नकोस. मागे टाकल्या की उडतात.

सोमवारी असं कर. चर्चा सहा पंचावन्नला संपते असं तक्त्यात लिही, सातला नाही. मधली पाच मिनिटं ब्रेक आणि हेडलाइन्सच्या प्रोमोला, म्हणजे पाहुणे लांबले तरी खड्डा प्रोमोला पडेल. सेल्सवाले सातच्या आधी आणखी एक ब्रेक मागतील. त्यांना सात दहानंतरचा दे, तो महाग विकता येतो हे त्यांनाच पटवून दे. आणि ‘दोन आठवडे ट्रायल’ म्हणाले तर तीन महिने मागून घे, मेलवर. तोंडी कबूल केलेलं तिथे कुणाला आठवत नाही.

डिजिटलला जायचं असेल तर जा, चांगलं काम आहे. पण हे करून जा.

रविवारी ठाण्याला ये, तक्ता घेऊन ये, एक-एक अर्धा तास बसून बघू. जेवायलाच ये, काकू विचारत होती. फक्त दुपारी ये. सात ते साडेसात मी कुणाशी बोलत नाही, आणि तूही त्या वेळी माझ्याशी बोलू नयेस.