टेक्स्टाइल शिकलेल्या मुलीने कस्टम्सच्या कामात जावे का?

विट्याहून एका यंत्रमागधारक वडिलांचे पत्र आहे. मुलगी इचलकरंजीला टेक्स्टाइल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. नवी मुंबईतल्या एका कस्टम ब्रोकरकडे (आयातदारांच्या वतीने कस्टम्सची कागदपत्रे भरणाऱ्याकडे) तिला काम मिळते आहे. तिथे सोफ्याच्या आयात कापडाचे कंटेनर येतात, त्यांचे टेरिफ कोड, म्हणजे कोणत्या मालावर किती ड्युटी लागेल ते ठरवणारे आकडे, पाहायला माणूस हवा आहे. ‘चार वर्षे शिकून पोरगी कारकुनी करणार का? यात पुढे काही आहे का?’ असे ते विचारतात.

सप्रेम नमस्कार.

मुलीला जरूर पाठवा. फक्त ती कोड ठरवायला जाते आहे की नुसता टाइप करायला, हे आधी पक्के करा. टाइप करायला कोणीही चालतो. ठरवायला मात्र कापड हातात घेऊन ओळखणारा माणूस लागतो, आणि मागाच्या खडखडाटात वाढलेल्या तुमच्या मुलीला ते जमेल.

काम नेमके काय असते ते सांगतो. आपला टेरिफ कोड आठ अंकी आहे, त्यातले पहिले सहा अंक जगभर सारखे. पहिले दोन अंक म्हणजे प्रकरण, पहिले चार म्हणजे हेडिंग. निटिंगचे कापड प्रकरण ६० मध्ये येते. ते सोफ्यावर लागते की पडद्याला, याने तिथे काही ठरत नाही. ठरते ते बनावटीवर. बिलावर ‘सोफा फॅब्रिक, व्हेल्व्हेट’ एवढेच लिहिलेले असते. त्यातली मागावर विणलेली मखमल ५८०१ मध्ये जाते आणि निटिंगची ६००१ मध्ये. वरून दोन्ही सारख्याच दिसतात. म्हणून कापड उलटे करून पाठीवर भिंग लावायचे. ताणा-बाणा काटकोनात दिसला तर ते मागाचे, फासांच्या ओळी दिसल्या तर निटिंगचे.

मखमलीसारखी लव नसेल तर पुढचा प्रश्न इलॅस्टिकचा. रुंदी ३० सेंटिमीटरपेक्षा जास्त आणि इलॅस्टोमेरिक धागा वजनाने ५ टक्के किंवा अधिक असेल, तर ६००४. इथे पुष्कळजण फसतात. कापड ताणले जाते म्हणजे त्यात इलॅस्टिक आहे, असे नाही. टेरिफमधली व्याख्या कडक आहे : धागा मूळ लांबीच्या तिप्पट ताणला तरी तुटता कामा नये, आणि दुप्पट ताणून सोडल्यावर पाच मिनिटांत दीडपटीच्या आत परत आला पाहिजे. शिवाय टेक्स्चर्ड, म्हणजे प्रक्रिया करून कुरळा केलेला, धागा त्यातून वगळलेला आहे. टेक्स्चर्ड पॉलिस्टरचे कापड हाताला चांगले ताणते, तरी ते त्या ताणामुळे ६००४ मध्ये जात नाही. कॉमर्सच्या मुलाला हे पाठ करावे लागते; तुमच्या मुलीने टेक्स्चरायझिंग प्रत्यक्ष शिकलेले आहे.

मग उरते वार्प निट (६००५) की इतर (६००६). एका टोकाचा धागा ओढून पाहायचा. आडव्या ओळीने नागमोडी धागा सरसर उसवत आला तर ते साधे वेफ्ट निट. वार्प निट असे उसवत नाही, त्यातले धागे लांबीच्या दिशेने गेलेले असतात. दोन्हीकडे पुढचे अंक ब्लीच, रंगवलेले, रंगीत धाग्यांचे की छापील यावर बदलतात.

खरी डोकेदुखी कोटिंगची. साध्या निटिंगवर पीयू किंवा पीव्हीसी या प्लास्टिकचा थर नुसत्या डोळ्यांना दिसत असेल तर ते सहसा ५९०३ मध्ये जाते. पण लव असलेल्या निटिंगच्या कापडाला कोटिंग असले तरी ते ६००१ मध्येच राहते. प्रकरण ६० च्या पहिल्याच टिपेत तसे लिहिले आहे. आणि फोमच्या पत्र्याला एका बाजूने साधे, एकरंगी कापड फक्त मजबुतीसाठी चिकटवले असेल तर माल कापडातून उठून प्लास्टिकच्या प्रकरण ३९ मध्ये जातो. कापून-शिवून आलेले सोफाकव्हर ६३०४ चे, त्याचा या हेडिंगांशी संबंध नाही. हेडिंगच्या नुसत्या शब्दांवर जाऊ नये, टिपा आधी वाचाव्यात, हे तिला आत्ताच सांगून ठेवा.

चूक कितीला पडते तेही पाहा. २०२५ च्या अर्थसंकल्पात निटिंगच्या कापडाच्या ९ टेरिफ ओळींवर (आठ अंकी कोडांवर) मूळ ड्युटी २० टक्के किंवा किलोला ११५ रुपये, यातली जास्त असेल ती, अशी झाली. समजा १.४ मीटर पन्ह्याचे, ३०० जीएसएमचे (चौरस मीटरला ३०० ग्रॅम), रंगवलेले पॉलिस्टर वेफ्ट निट मीटरला १५० रुपयांनी आले. एक मीटर भरते ४२० ग्रॅम. २० टक्क्यांनी ड्युटी ३० रुपये, किलोच्या दराने ४८ रुपये ३० पैसे. कोड चुकला की मीटरमागे १८ रुपयांचा फरक, आणि कंटेनरमध्ये हजारो मीटर. कमी भरलेली ड्युटी कस्टम्स खाते २ वर्षांपर्यंत व्याजासह मागू शकते. मुद्दाम लपवाछपवी केली असे ठरले तर ५ वर्षांपर्यंत, वर दंड. शंका आली की नमुना प्रयोगशाळेत जातो, तोवर कंटेनर अडकतो आणि भाडे चढत राहते. एवढे टाळून देणाऱ्या माणसाला कारकून म्हणता येणार नाही.

पुढचा रस्ता कस्टम ब्रोकर लायसन्सिंग नियम २०१८ मध्ये आखलेला आहे. आधी एच कार्ड (ब्रोकरकडच्या, परीक्षा न दिलेल्या माणसाचे ओळखपत्र), मग परीक्षा देऊन जी कार्ड. पदवी आणि जी कार्डावरचा दोन वर्षांचा अनुभव झाला की ब्रोकरच्या परवान्यासाठी लेखी आणि तोंडी परीक्षा देता येते. लेखी परीक्षा ‘नासिन’ ही अकादमी घेते. सुरुवातीला नवी मुंबईतले खोलीभाडे जाऊन हातात फारसे उरणार नाही, तेवढी तयारी ठेवा.

निकाल लागेपर्यंत तिला घरी बसवू नका. सांगलीत किंवा विट्यात सोफा शिवणाऱ्यांकडून उरलेले वीसेक तुकडे मागून आणू द्या. प्रत्येकाचा १० बाय १० सेंटिमीटरचा चौकोन कापून वजन करायचे. जितके ग्रॅम, त्याच्या शंभरपट जीएसएम. मग भिंग, उसवणे, कोटिंग पाहणे, आणि कोड कोणत्या टिपेमुळे ठरला ते वहीत एका ओळीत लिहिणे. मुलाखतीला ती वहीच घेऊन जावे.

तिथे तिनेही दोन प्रश्न विचारावेत. बिल ऑफ एंट्री (आयात मालाचा कस्टम्सकडे द्यायचा कागद) भरण्याआधी कोड कोण ठरवते, आणि फाइलला कापडाचा नमुना लावता का? ‘सप्लायरने दिलेला कोडच टाकतो’ असे उत्तर आले तर दुसरे ऑफिस शोधा. चांगले मिळाले तर रुजू होताच मालकांना एच कार्डाचा अर्ज करायला सांगा. तो त्यांच्यामार्फतच जातो, आणि दोन वर्षे मोजली जातात ती जी कार्ड हातात आल्यापासून.