शनिवार-रविवारची वाई

प्रश्न : पुण्याहून दोन दिवसांसाठी कृष्णाकाठच्या वाईला जाण्याचा विचार आहे; सोबत वृद्ध आई-वडील असतील. काय पाहावे?

उत्तर : शनिवारी ढोल्या गणपतीचे दर्शन घ्यावे आणि मग मंदिराच्या मागच्या बाजूस आवर्जून जावे, कारण पुराचे पाणी दुभंगून जावे म्हणून तेथील भिंत माशाच्या आकाराची बांधलेली आहे आणि दर्शनाच्या घाईत नेमकी तीच पाहायची राहून जाते. रविवार वाईजवळच्या मेणवली गावासाठी राखून ठेवावा. नाना फडणवीसांचा वाडा, त्यामागचा चंद्रकोरीच्या आकाराचा घाट आणि १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई जिंकल्यानंतर इकडे आलेली पोर्तुगीज घंटा यांत अर्धा दिवस सहज जातो. घाटाच्या पायऱ्या पावसाळ्यात निसरड्या होतात, तेव्हा ज्येष्ठांना हिवाळ्यातच न्यावे. पाचगणी या खेपेस वगळलेलीच बरी.